दोन मीटर बाय दोन मीटर

ऑक्टोबरात मी फळ्यावर लिहिते :
दोन मीटर बाय दोन मीटर, उंची अडीच.
विकायची वस्तू ज्याची त्याने निवडावी.
अठरा वर्षं हेच लिहिते आहे, त्बिलिसीतल्या या वर्गात,
जिथे रेडिएटर खोकतो
आणि खिडकीतून केबल कारची तार दिसते, कार क्वचित.

मुलं हरखतात. लहान म्हणजे सोपं, असं वाटतं त्यांना.
बेका अत्तर विकणार, सालोमे चहा,
नुत्सा चिठ्ठी उचलल्यासारखी म्हणाली : बटणं.

तिसऱ्या आठवड्यात तिचं मॉडेल आलं.
एकास दहा. पातळ प्लाय, लेझरने कापलेलं,
भिंतभर खण, खणाखणात मोहरीएवढी बटणं,
प्रत्येकाला सुईने पाडलेली दोन भोकं.
समोर कागदी गिऱ्हाईक, कमरेत किंचित झुकलेलं.
वर्गाने श्वास रोखला. मीही.
मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं :
विकणारी आत कुठून जाते?

नुत्साने मॉडेल फिरवलं.
पुन्हा फिरवलं.
चारी बाजूंनी बटणं.

दुसऱ्या दिवशी ती गेली चौकाखालच्या भुयारी रस्त्यात.
तिथे किल्ल्या करणारा, मोजेवाली, घड्याळाचे सेल विकणारा,
आणि पार टोकाला, जिन्याखालच्या तिरप्या कोपऱ्यात, त्सियाला :
चेन, इलास्टिक, दोरे, बटणं.
नुत्साने टेप काढला. त्सियाला म्हणाली,
ठेव गं तो खिशात. इथे येऊन बस आधी.

तिची ती वही माझ्याकडेच राहिली आहे.
त्यात एकही रेघ सरळ नाही.

*बसल्या जागी हात पुरतो : शर्टाची, पांढरी, काळी.
उभं राहून : कोटाची. म्हणजे हिवाळाभर उभंच.
स्टुलाचे पाय जावयाने कापले, चार बोटं.
एक पाच बोटं कापला गेला. त्याखाली पुठ्ठा.
खिळा : कोट. दुसरा खिळा : चांगला कोट.
हीटर पायाशी, म्हणून डाव्या बुटाचा रबर वितळलेला.
आत शिरायचं ते काउंटरखालून, ओणवं होऊन.
सत्ताविसाव्या वर्षी काही वाटायचं नाही.
लघवीला जायचं तर किल्लीवाला नोदार लक्ष ठेवतो.
नोदार आला नाही तर ती पाणी पीत नाही.*

या शेवटच्या ओळीपुढे माप लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री मी जुन्या फायली काढल्या.
अठरा वर्षांचे किऑस्क, एकाहून एक देखणे.
दारं मोजायला बसले.
थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं.

डिसेंबरात परीक्षक आले, स्कार्फ न सोडता बसले.
नुत्साचं नवं मॉडेल बुटकं, एका अंगाला रेललेलं.
खण निम्मे, सगळे बसल्या हाताच्या टप्प्यात.
काउंटरची फळी उचलली की उभ्याने आत.
आणि उजव्या भिंतीला एक वीतभर खिडकी,
शेजारच्या टपरीकडे उघडणारी.

आधीचं जास्त शुद्ध होतं, एक म्हणाले.
दुसऱ्यांनी पेनाने खिडकी दाखवली :
इथे गिऱ्हाईक येत नाही. ही कशासाठी?
नुत्सा म्हणाली, पाणी पिण्यासाठी.
ते एकमेकांकडे बघून हसले, चांगल्या मनाने हसले,
आणि पुढच्या टेबलाकडे वळले.
मला माहीत होतं. मी बोलले नाही.

जानेवारीत माझ्या कोटाचं वरून दुसरं बटण तुटलं.
मी भुयारात उतरले. नोदारच्या टपरीला कुलूप होतं.
त्सियाला स्टुलावर, गुडघ्यांवर रग.
मी कोण, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही.
कोटाचं का? म्हणत तिने काउंटरवर हात टेकले,
उठायची तयारी केली.

नाही, म्हटलं. शर्टाचं. पांढरं.
तिने न बघता खणात हात घातला.
पन्नास तेत्री.

मी वर आले, वारा होता,
कोट एका हाताने मिटून धरला.