अठरा गेजचा पत्रा

एप्रिलच्या एका रात्री, अडीच वाजता,
तिसरी फळी खाली आली.
आई आतून म्हणाली, मांजर.
मांजर नव्हतं. चार राज्यं, दोन समुद्र,
सातशे राक्षसांची सचित्र यादी
आणि शाप उतरवण्याचे दरपत्रक,
सगळं फरशीवर पालथं,
भुशाच्या चुऱ्यात.

सात रस्त्यावरच्या शोरूममधलं कपाट ते.
विकणारा म्हणाला होता, अक्रोड आहे मॅडम.
अक्रोडाचा कागद होता. आत भुसा.
मी पुस्तकं म्हणाले, त्यानं कादंबऱ्या धरल्या.
खेळाची पुस्तकं त्याला कुठून ठाऊक:
पाटीएवढी, जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत पानांची,
एकेक उचलताना मनगट विचारतं,
नक्की ना?

म्हणून आधी वजन.
यल्लप्पा रद्दीवाल्याला बोलावलं.
त्यानं दाराच्या कडीला काटा अडकवला, गठ्ठा चाचपला,
"चकचकीत कागदाला भाव कमी येतो, ताई."
विकायचं नाही, नुसतं तोल.
"नुसतं?"
नुसतं.
दोन तास त्यानं माझी बावीस वर्षं
सुतळीनं बांधून हवेत टांगली, खाली ठेवली.
तीनशे बारा किलो.
हिशोब पाटीवर लिहिला, भावाचा रकाना
तसाच सोडला, आणि बराच वेळ
त्या रकान्याकडे बघत राहिला.

शुक्रवार पेठेत इराप्पा सुतार.
सागवानाचा दर सांगून त्यानं चहा मागवला,
बहुतेक मला सावरायला.
चहा मात्र फुकट नव्हता, त्यात एक वाक्य होतं:
"अडीच फुटांवर फळी नेऊ नका.
कडेला मोडत नाही ती. मधे पोट सोडते."

मग अक्कलकोट रोड, एमआयडीसी. पत्र्याची शेड, दुपारचे त्रेचाळीस.
चादरींच्या गोदामांना रॅक पुरवणारे रज्जाकभाई बागवान.
काय ठेवणार? पुस्तकं.
वकील आहात? नाही, वीज मंडळात. खेळाची पुस्तकं आहेत.
पोरांची? माझी.
यावर लोक सहसा हसतात.
रज्जाकभाईंनी कानावरची पेन्सिल काढली.
"वजन किती?"

इतक्या दुकानांत
हे कुणीच विचारलं नव्हतं.

"चादरीला वीस गेज चालतं. तुम्हाला अठरा लागेल.
आकडा कमी, पत्रा जाड."
मी मोठ्यानं हसले. त्यांना काय सांगू,
आमच्या जुन्या खेळातही असंच होतं,
चिलखताचा आकडा जितका खाली
तितकी तलवार बोथट.

नमुन्याची फळी त्यांनी दोन अँगलवर टाकली
आणि स्वतःच चढले वर,
नव्वद किलोचे, पोटासकट.
चढण्याआधी मात्र चपला काढल्या.
उतरल्यावर खांद्यावरच्या फडक्यानं
पायांचे ठसे पुसले.
"पुस्तकं ठेवायचीत ना."

मी तिथेच आगाऊ पैसे दिले. घासाघीस विसरले.

टेम्पो आला, तिसरा मजला, चौसष्ट नटबोल्ट.
रंगाचा वास आठवडाभर जेवणात.
लावताना एका पुस्तकातून घडी पडली:
अंबादास सिरसूलचा चोर, पेन्सिलनं काढलेला,
पातळी तिसरी, खिशात सात सोन्याची नाणी,
एका कुलपापुढे गुडघ्यावर.
त्या शनिवारी वीज गेली, डाव तिथेच राहिला,
पुढच्या महिन्यात माग बंद झाले
आणि अंबादास भिवंडीला गेला.
सोळा वर्षं तो चोर
हातात तार धरून बसलाय.

घडी परत ठेवली, त्याच पानात.
ते पुस्तक डोळ्यांच्या उंचीवर.

फळीला बोट लावून बघते रोज. पोट सोडलेलं नाही.
सगळ्यात खालचा कप्पा मी रिकामा ठेवला होता,
येणाऱ्या पुस्तकांसाठी, हे घरी सांगितलेलं नाही.
आईनं त्यात शेंगाचटणीची बरणी ठेवलीय.
वजन, सव्वा किलो.