हरकत

दोन नकाशे लागतात. एक, घर जसं आहे.
दुसरा, जसं व्हावं असं वाटतं.
शंभरास एक प्रमाण, उत्तरेचा बाण,
हद्दीभोवती लाल रेघ.
अठ्ठावीस वर्षं मी हेच काढतोय
ॲशिंग्टनच्या विटकरी गल्ल्यांत,
आणि अजून पहिलाच नकाशा अवघड जातो.

थेल्मा रटर, वय एकाहत्तर.
मागची भिंत तीन मीटर साठ बाहेर सरकवायची आहे.
टेपचं टोक तिने धरलं, अंगठा थरथरत होता,
सहा सेंटिमीटर चुकलं, पुन्हा मोजलं.
एक खोली, लगत न्हाणी, उंबरठा नको.
कुणासाठी, हे अर्जात विचारत नाहीत.
तिनेच सांगितलं : भाऊ येतोय, कथबर्ट,
कॉर्बीच्या पोलाद कारखान्यातून,
एक पाय तिकडेच ठेवून.
बावीस वर्षं बोलत नव्हतो आम्ही.
लिहायचंय का हे कुठे?
म्हटलं, नाही. झाडं आहेत का, एवढंच विचारतात.

दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस लागली.
मुदत एकवीस दिवस.
विल्फ डॉड्सने ती आधी चष्मा काढून वाचली,
मग चष्मा लावून.
शेजारी. खाणीतून निवृत्त. मागे अंगणात
लीकचा वाफा, पोटरीएवढे पांढरे दांडे
सप्टेंबरातल्या स्पर्धेसाठी
बाळंतिणीसारखे जपलेले.
खतात काय घालतो ते बायकोला
तिच्या शेवटच्या दुखण्यातही सांगितलं नाही त्याने.

हरकत नाही, म्हणतो आपण
उशिराला, उसनवारीला, सांडलेल्या चहाला.
विल्फची हरकत होती. चार पानी.
'दुपारी तीननंतर माझ्या वाफ्यावर सावली पडेल.'

कौन्सिलकडून इमोजेन आली, पंचविशीची, बूट नवे.
विल्फच्या खिडकीच्या मध्यापासून
पंचेचाळीस अंशांची रेघ धरली हवेत.
खिडकीचा उजेड मोजतो आम्ही, ती हळूच म्हणाली,
भाजीचा नाही.
मग लीकला खिडकी बसवतो, विल्फ म्हणाला,
आणि आत जाऊन तिच्या बुटांसाठी
जुनं वर्तमानपत्र घेऊन आला.

त्या आठवड्यात एक दिवस मी त्याच्याकडे थांबलो.
सावली जिथवर जाईल तिथे
तासातासाला एकेक काठी रोवली.
शेवटची वाफ्याच्या दोन विती आत गेली.
मी छप्पर तीस सेंटिमीटर खाली उतरवलं.
आता दीड वीत.
त्याने आपल्या वितीने मोजली, दोनदा,
म्हणाला, माझ्या हाताने दोनच भरतात.
कुंपणापलीकडे थेल्मा चादरी वाळत घालत होती.
त्याला म्हणावं, ती मला म्हणाली,
चार पानं लिहिलीस, एक कप चहा प्यायला आला नाहीस.

आठव्या आठवड्यात परवानगी आली.
काम तीन वर्षांत सुरू करावं.
अट क्रमांक तीन :
नव्या विटा जुन्या विटांशी जुळाव्यात.

आता जुळाव्यात म्हणजे काय?
नव्वद वर्षांचा कोळशाचा धूर खाल्लाय त्या भिंतीने
आणि खाण तर कधीच बुजली.
विक्रेत्याचे नमुने मी भिंतीला टेकवून पाहिले,
शाळेच्या पहिल्या दिवशीसारखे
धुतलेले चेहरे.

नोव्हेंबरातला शनिवार. ढकलगाडी कुरकुरली.
विल्फ.
त्याचा अंगणातला जुना संडास त्याने कधी पाडला होता,
विटा कबुतरांच्या खुराड्यामागे रचून ठेवलेल्या,
एकेकीचा चुना छिन्नीने काढलेला. काळ्या. आमच्याच गल्लीच्या.

थेल्माने दार उघडलं.
हरकत मी मागे घेतलेली नाही, तो म्हणाला.
मी कुठे म्हटलं घे, ती म्हणाली.
यावर दोघांकडेही आणखी काही नव्हतं.
चौदा खेपा झाल्या. तिसरीनंतर
चहा ओट्यावर आला, साखर वेगळी.

संध्याकाळी मी मोजल्या. पाचशे चाळीस.
लागणार होत्या तेराशे.
पण जी भिंत लीकच्या वाफ्याकडे तोंड करून उभी राहील,
तेवढीला पुरतील.