हद्द

चार वर्षं सगळे त्याला कुरूप म्हणत होते.
मच्छेच्या औषधवाल्यानं पट्टी दिली,
मेहुण्यानं चुना लावला,
एका रविवारी मोनाप्पा घाडीनं स्वतःच
दाढीच्या पात्यानं ते तासून काढलं.
पुन्हा आलं. लालसर, ओलं, जरा रुंद.
“दुखत नव्हतं ओ, म्हणून सोडलं तसंच.”
चपलेला त्या जागी भोक पाडून
तो उद्यमबागेत भट्टीसमोर उभा राहायचा.

माझ्याकडे आला तो पावट्याएवढा तुकडा,
बाटलीवर चिठ्ठी: चामखीळ?
प्रश्नचिन्ह घाईत काढलेलं.

मेणात बसवला, पापुद्रे काढले,
निळ्या-गुलाबीत बुडवले.
पहिल्या नजरेला नेहमीचाच वाटला,
हात रिपोर्टाकडे गेलाही.
पण कोपऱ्यात एक भोक,
सुईनं पाडावं तसं गोल, आतून चकचकीत कड.
भिंग बदललं. दुसरं दिसलं.
मग एका पेशीच्या पोटातच एक, इवलंसं.

नळी.
सगळं विसरलेल्या त्या पेशी
घामाची वाट तेवढी अजून बांधायला बघत होत्या,
वाकडीतिकडी.

बावीस वर्षांत हा तिसरा.
पहिल्याला मी चुकले होते.
गोकाकची बाई. नाव आठवतं, लिहीत नाही.

म्हणून ठोकळा खास रंगासाठी पुण्याला.
नऊ दिवस. रोज त्याच्या बायकोचा फोन:
“आलं काय ओ, म्याडम?”
आलं. नळ्या तपकिरी उजळल्या.

मग ऑपरेशनचा मोठा तुकडा.
वरच्या कडेला काळी शाई, टाचेकडे निळी.
इथं हद्दीवरून तीन पिढ्या बोलताहेत,
मी मोजते मिलिमीटरमध्ये:
काळीकडे चार, निळीकडे सहा.
कड मोकळी.
जांघेतली गाठ अजून बघायची आहे.

“ह्याला मराठीत काय म्हणायचं?”
मला सांगता येईना.
हुक्केरीचा मेहुणा पुढे वाकला, “कन्नडदल्ली?”
तेही नाही.
“घामाच्या नळीतून उठलंय,” मी म्हटलं. “बेवरू.”
मोनाप्पा हसला.
“तीस वर्षं तेवढंच तर केलं की.
भट्टीनं झालं काय ओ?”
“ते मला सांगता येत नाही.”

दारात त्यानं नवी चप्पल घातली,
भोक नसलेली,
आणि सवयीनं
डावी टाच उचलूनच चालत गेला.