शेवटचा डबा

सेलूत तेव्हा सिनेमा पॅसेंजरनं यायचा.
परभणीत सहाचा खेळ, आमच्याकडं नऊचा,
एकच प्रिंट दोघांत.
तिकडं चालून झालेली रिळं पत्र्याच्या डब्यात घालून
गार्डाच्या पायाशी ठेवायची,
इकडं स्टेशनावर हशमत सायकल घेऊन उभा.

त्या रात्री पाच डबे आले.
सहावा मागच्या गाडीनं येतोय, म्हणाले.

मे महिना. टॉकीजचे पत्रे दिवसभराचं ऊन
अजून खाली सोडत होते.
बायकांच्या बाकावर मी, मेहरून,
आणि तिच्या मांडीवर घामोळ्यांनी किरकिरणारा अन्वर.
समोर बर्फ.
एवढा बर्फ मी तोवर फक्त
गोळेवाल्याच्या गोणपाटात बघितलेला.
परदेशातलं गाव, मधून नदी, नदीवर दगडी पूल,
दिव्याच्या खांबाखाली लाल कोटातली ती.
बोलायची हिंदीतच,
पण प्रत्येक शब्दाबरोबर तोंडातून वाफ निघायची.
मेहरून म्हणाली, "चहाच्या किटलीवानी दिसती."
मग जरा वेळानं, "दुसरं बटन बघ. दोरा वेगळा हाय."
शिंप्याची बायको. तिला कोट दिसला.
मला तो दिसला, घड्याळं दुरुस्त करणारा,
तिच्याशी बोलताना कायम
चिमट्यातल्या काट्याकडं बघणारा.

मग ती पुलावर थांबली.
मागून कुणीतरी हाक मारली.
तिनं मान वळवायला घेतली
आणि पडदा पांढरा.

अर्धा तास पांढराच.
शिट्ट्या झाल्या, बाकं बडवून झाली,
कुणी शेंगांची टरफलं उधळली.
मॅनेजर कंदील घेऊन पुढं आले:
मानवत रोडला इंजिन बसलंय,
डबा काही येत नाही, जायचं त्यांनी जावं.
आम्ही सगळ्यांत शेवटी उठलो. अन्वर झोपला होता.
दुसऱ्या दिवशी सिनेमा जालन्याला गेला.

त्यानंतर एकेचाळीस वर्षं
ती पुलावर, मान अर्धी वळलेली.
गिरणीत दळणाला बसलं की मेहरून म्हणायची,
हाक त्याचीच असणार, दुसऱ्या कुणाची कशाला?
मी म्हणायची, बापाची.
नळ कोरडे पडले त्या उन्हाळ्यात
टँकरची वाट बघता बघता आम्ही तिचं लग्न लावलं.
आमचे हे गेले त्या वर्षी मेहरूननं ते मोडलं.
"चालू दे तिला एकटीच," म्हणाली, "व्हती सवय."
मला नात झाली तेव्हा परत लावलं.
कधी तिला सर्दी झाली, कधी नोकरी लागली,
एकदा तर दुधना ओलांडून
थेट आमच्या गल्लीत आली, कोट हातावर टाकून,
आणि मेहरूनच्या मालकानं बटण नीट लावून दिलं,
पैसे घेतले नाहीत.

परवा नातवानं फोनवर काढून दिला. अख्खा.
दुपारी दार लावून घेतलं.
बाहेर पारा त्रेचाळीस, कूलरमधलं पाणी संपलेलं.
दोन बोटांनी चित्र मोठं केलं:
दुसऱ्या बटणाला खरंच पांढरा दोरा.
ती मान वळवते.
हाक दुकानदाराची. छत्री विसरली होती.
ती छत्री घेते, हसते,
मग वीस मिनिटं बरंच काही होतं,
दोघं भेटतात, एक विमान उडतं, सगळ्यांचं चांगलं होतं.

मी दोनदा बघितलं.

संध्याकाळी मेहरूनला नांदेडला फोन लावला.
तिला डाव्या कानानं कमी येतं आता, ओरडून सांगावं लागतं.
म्हटलं, सापडला गं तो सिनेमा.
तिकडं बराच वेळ नुसता कुकर.
"मग? कुणी हाक मारली?"
काय की, म्हटलं. इथंबी शेवटचा डबा आला नाही.
पुलावरच तुटतंय.

ती हसली, जरा जास्तच वेळ.
अन्वरचा पोरगा फोनमधलं सगळं जाणतो,
माझ्या नातवाच्याही आधीपासून.
"इंजिन बसलं असंल," ती म्हणाली.
"रात कू थंड पडती. उसकू बोल, बटन लगा ले."