करंगळीचं काम

अक्कलकोट रोड एमआयडीसी. प्लॉट नंबर सांगत नाही,
शेठला आवडायचं नाही.
चोवीस माग होते, बारा भंगारात गेले
आणि मी, अंबादास गुंडेटी, जॉबर, वय बावन्न,
शेडमधून उचलून ऑफिसात ठेवला गेलो,
कॉम्प्युटरसमोर.
टॉवेलची बिलं करायची. डझनावर.

पहिला आठवडा माऊस असा धरला होता
की सोडला तर पडेन.
पार्टीचं एक नाव इथून तिथं न्यायचं
तर वर जा, यादी उघड, शब्द शोध,
टिचकी मार, खाली ये, पुन्हा वर जा.
एका बिलाला अकरा मिनिटं.
बाजूच्या टेबलावर शिवलीला कलशेट्टी,
तेवीस वर्षांची, डब्यात कडक भाकरी.
भाकरी मोडता मोडता म्हणाली,
"मामा, धोटा हातानं फेकताय होय?"
बाप तिचा मिलमध्ये होता, भोंगा बंद पडेपर्यंत.

टॉवेलच्या लेबलाच्या मागच्या बाजूला
तिनं लिहून दिलं, मॉनिटरच्या कडेला चिकटवलं.
"रोज एकच शिकायचं. दोन नाही.
आज कंट्रोल सी, कंट्रोल व्ही. उचला, ठेवा.
उद्या कंट्रोल एस. लाइटीचा भरवसा नाही,
दर ओळीला दाबत जा.
आणि हा पडदा झाडा आधी,
'बिल', 'बिल नवं', 'बिल आता हेच',
हे काय नाव आहे का?
आधी वर्ष, मग महिना, मग पार्टी.
सूत काउंटाप्रमाणे लावत होता ना रॅकला?"

लावत होतो.

पण कंट्रोल बसलाय डाव्या कोपऱ्यात,
करंगळीच्या वाट्याला.
माझ्या त्या करंगळीचं पेर
अठ्ठ्याण्णव साली पिकिंगच्या दांड्यानं नेलं.
मी तळव्याच्या कडेनं दाबायचो,
तीन बटणं एकदम, स्क्रीनवर भलतंच काही उघडायचं.
तिनं हाताकडे बघितलं नाही.
"उजवीकडे पण एक कंट्रोल आहे, मामा.
कुणी वापरत नाही. तुमचाच समजा."

गुरुवारी एकशेवीस डझनाचे बाराशे झाले,
दुरुस्त करायला गेलो तर अख्खा रकाना पुसला गेला.
"कंट्रोल झेड," ती म्हणाली.
रकाना परत आला.
मागावर तार तुटली तर गाठ मारता येते,
पण गाठ राहते, बोटाला लागते.
इथं गाठच नाही.
मी पुन्हा दाबलं. एक ओळ मागे.
पुन्हा दाबलं.
जेवणाच्या आधीची बिलं गेली, सकाळची गेली,
कोरं पान आलं.
त्याच्या मागे जात नाही.
दोन वेळा दाबून बघितलं.

पंखा फिरत होता.
"आता कंट्रोल वाय दाबा," शिवलीला हळूच म्हणाली,
"बिलं परत येतील."
आली. सगळी, ओळीनं.

आता एका बिलाला चार मिनिटं.
खिडक्या बदलतो ऑल्ट टॅबनं,
नको ती बंद करतो,
यंत्र रांगायला लागलं की एकदा झोपवून उठवतो.
साडेचारला रिकामा झालो, शेठला अभिमानानं सांगितलं.
शेठनी हैदराबादच्या पार्टीची बिलं पण दिली.
शिवलीलानं त्या लेबलावर सगळ्यात खाली
पेन्सिलीनं अजून एक ओळ लिहिली:
लवकर झालं, तर लगेच सांगायचं नसतं.

म्हणून सांगत नाही.
बसतो.
भिंतीपलीकडे बारा माग चालू असतात,
आणि त्यातला सात नंबर
दर विसाव्या ठोक्याला जरा अडखळतो.
शेडमधल्या पोराला कळत नाही अजून.
मी कंट्रोल एस दाबतो, उजवीकडचा,
आणि ड्रॉवर उघडतो.
पाना तिथंच आहे, स्टेपलरच्या शेजारी.