मागची बाजू

फोटो हातात आला की मी आधी उलटा करते.
सगळे हसतात. हसू देत.
पुढं काय, बहुतेकांचं सारखंच असतं:
पिळदार मिशा, उसना कोट, कोपऱ्यात कुंडी,
पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस.
टँकरची पाळी चुकली की जिथं घागरी आपटतात
त्या गावचे पुरुष सगळे पाण्याकाठी उभे.

मागं शिक्के असतात.
मदुराई, गुंटूर, कानपूर, एक तर थेट सिलचरचा.
विट्याच्या पुढच्या माळावरून
सोनं-चांदी गाळायला गेलेली ही माणसं,
मूस आणि चिमटा घेऊन, पोस्टकार्डाच्या भरवशावर.
मी मदुराईत जन्मले, दुकानाच्या पोटमाळ्यावर,
म्हणून तमिळ शिक्का निघाला की मला हाक येते.
"वाच गं, काय म्हणतोय?"
मी वाचते: जादा प्रत हवी असल्यास नंबर कळवा.
एवढंच.
तरी म्हातारे मान डोलावतात,
कुणीतरी चौकशी केल्यासारखी.

कासमभाई मुलाणींच्या ट्रंकेत
वाळवीनं चौघांतले दोघे कमरेपर्यंत खाल्लेत.
ते उरलेल्या पायांवरून ओळखतात:
"ही चप्पल माझी. पाय विष्णू सुताराचे.
फोटोपुरती मागितली होती,
ती अजून यायचीय."

मंडल्यांच्या घरात एका फोटोमागं
शाईनं लिहिलेलं: सन ६४, बाळू.
तासाभरात बाळू तीन निघाले.
तिघंही हक्कानं सतरंजीवर बसले.
मी तिघांचीही नावं घातली.

शाळेला शंभर वर्षं होतायत,
भिंतीवर गाव लावायचंय,
आणि गावाचाच फोटो नाही.
हंस सापडले बावीस.
वेस नाही, आड नाही,
मागं राहून गुरं, जमीन, सासू सांभाळणारं
कुणीच नाही.

मग चंद्रभागा साळुंख्यांनी
हुलग्याच्या डब्यातनं एक काढला.
झटकला. दोन हुलगे पडले, ते आधी वेचले.
बहात्तर साल. खडी फोडायचं काम.
कुणा साहेबानं जीपमध्ये उभं राहून काढलेला.
अकरा बाया.
अकराही पाठमोऱ्या.
मी सवयीनं उलटा केला. मागं कोरं.

आजींनी तो परत सुलटा केला, बोट टेकवलं.
"ही शेवंता. ठिगाळ बघ, माझ्या चोळीचं कापड हाय.
ही वेणू, डाव्या अंगावर रेलून बसायची,
उजवा गुडघा बाद.
ही गजरा, सातव्या महिन्यात, म्हणून वाकता येईना.
ह्या दोघी जावाजावा.
बोलत न्हवत्या तवा, मधी जागा बघ किती सोडलीया."
बोट एकेका पाठीवर थांबत गेलं.
घाई नाही, चष्मा नाही.

नऊ झाल्या. दोन राहिल्या,
शेजारी शेजारी, ऊन सारखंच पडलेलं.
"एक मी. एक तारा."
"कुठली तुम्ही?"
"आता आपली पाठ आपण कुठं बघितलीया?
शेवंतानं सांगितलं असतं."
मग तिच्याच ठिगळाकडं बघत राहिल्या जरा वेळ,
ती वळून सांगेल म्हणून नव्हे,
असंच.

चहा टाकायला उठल्या तशी
मी उंबऱ्यापर्यंत त्यांच्याकडं बघत राहिले.
डावा खांदा किंचित उतरलेला,
मान पुढं, जशी सगळ्यांचीच होते.
मग फोटोत शोधला तो खांदा.
पन्नास वर्षांपूर्वी तो उतरलेला होता का,
की त्या दिवशी उतरायला लागला,
हे फोटोत दिसत नाही.

कोऱ्या पाठीवर मी अकरा नावं लिहिली.
नऊ पेननं.
तारा आणि चंद्रभागा पेन्सिलीनं, एकाच ओळीत,
मधी स्वल्पविराम न देता.