ओळ चार हजार एकशे सतरा

म्हापशाला, पावाच्या भट्टीवरच्या खोलीत
मी हळदोण्याच्या कोमुनिदादीच्या वह्या
एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओततेय.
आत तक्ता घालायचा, बाहेर त्रिकं यायला हवीत:
कोण, काय नातं, कोणाशी,
आणि शेवटी पूर्णविराम.
टूल याहून जास्त काही मागत नाही.

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकली.
ओळ बारा : अनोळखी बाइट.
ती कोंसेसांव होती. तिच्या नावातला शेपटीवाला सी
आणि नाकातला आ
जुन्या एन्कोडिंगमध्ये अडकून बसले होते.
सांगितलं, ही फाइल जुन्या वळणाची आहे, तशी वाच.
वाचली.

ओळ तीनशे दोन : पत्त्यात मोकळी जागा चालत नाही.
मानस आणि तिचा आकडा यांच्यामध्ये
मीच कधीतरी बोटभर हवा सोडलेली.
(मानस म्हणजे इथे मन नव्हे.
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं,
खारं पाणी भाताला शिवू देत नाही.)

ओळ नऊशे : हा ‘ख’ कोण? जाहीर केलेला नाही.
खरंच की. ख म्हणजे खाजण, हे मला ठाऊक,
आणि तेवढ्यावर मी नऊशे ओळी रेटल्या.

दुपारी इनास पोदेर दोन उंडे ठेवून गेला.
पडद्याकडे बघून म्हणाला, अजून लालच?

मग ओळ चार हजार एकशे सतरा.
एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे एकतीस.
ही तारीख नाही, म्हणतं टूल.
बरोबर आहे त्याचं. त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपला.
पण स्कॅनमध्ये निळी शाई स्वच्छ आहे,
कारकुनाचा हात कापलेला नाही :
त्या रात्री मानशीचं दार फुटलं,
पेरपेतच्या शेतात खाडी शिरली,
वर्षाचा खंड माफ. खाली अंगठा.

बोस्त्यांवच्या पणतूला फोन लावला.
तो म्हणाला, तिथे आता तीवरं आहेत,
तारखेचं तुम्हीच बघा.

एक मार्च करता आलं असतं.
‘तपासू नकोस’ असाही एक पर्याय आहे,
दोन उणेचिन्हं आणि एक शब्द,
सगळी भरती आत.

मी तिच्या शेपटीचा ‘तारीख’ हा शिक्का काढला.
नुसत्या अवतरणचिन्हांत ठेवली.
आता ती दिवस असल्याचा दावा करत नाही.
कुणीतरी लिहिलं होतं, इतकंच.

पुन्हा चालवलं. टूल काहीच बोललं नाही.
त्याचं ‘होय’ असंच असतं.

त्रिकं मोजली, तर एक कमी.
म्हणजे कुणीतरी एकच गोष्ट
शब्दशः दोनदा लिहून ठेवली होती,
आणि टूलला एकदा पुरते.
कोणती ते उद्या बघते.
खाली भट्टी पेटली आहे, फरशी तापायला लागली.